लसीकरणाची टक्केवारी खरी कशी काढायची: नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ७३.५ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण निघालं. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हाच आकडा ५६.२ होता. देशाचा आकडा तेवढ्याच काळात ६२ वरून ७६.४ वर गेला. आता तुमच्या तालुक्याचा मासिक रिपोर्ट उघडून बघा, बहुतेक ठिकाणी नव्वदीच्या घरात आकडा दिसेल आणि काही काही तालुके तर चक्क शंभरच्या वर गेलेले असतात. मूल तेच, लस तीच, मग एवढा फरक कुठून येतो हा प्रश्न नवीन माणसाला पहिल्याच महिन्यात पडतो आणि त्याला कुणी नीट बसून उत्तर देत नाही, म्हणून हे लिहितोय.

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करताय, एखाद्या संस्थेत प्रोजेक्टवर लागलात, किंवा नवीन एमओ (मेडिकल ऑफिसर) म्हणून पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) जॉइन झालात, तिघांनाही हे कामाला येईल. उदाहरणं महाराष्ट्रातली घेतलीयेत पण पद्धत नेपाळात, नायजेरियात, इथिओपियात पण हीच आहे, कारण अडचणी पण साधारण ह्याच आहेत: जन्मनोंदणी अर्धवट, लोक फिरते, आणि कार्ड हरवलेलं.

हे नीट करणं का गरजेचं आहे ते एका गोष्टीवरून कळेल. गोवर थांबवायचा तर ९५ टक्के मुलांना दोन डोस मिळावे लागतात. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवरचा उद्रेक झाला, मग मालेगाव, भिवंडी, आणि लहान मुलं दगावली. शहराची सरासरी चांगली असून एका वॉर्डात, त्या वॉर्डातल्याही काही गल्ल्यांत, लस न मिळालेली मुलं साठत गेलेली असतात आणि सरासरीचा आकडा ती दाखवत नाही. माझं स्पष्ट मत आहे की टक्केवारी चुकते ती जास्त करून जी मुलं कुठल्याच यादीत नाहीत त्यांच्यामुळे, त्यामुळे खालची प्रत्येक पायरी करताना एकच प्रश्न मनात ठेवा, आत्ता माझ्या हातातून कोणतं मूल सुटतंय.

पायरी १: आधी काय मोजायचं ते लिहून काढा

"लसीकरण किती झालं" हा प्रश्न मोजता येत नाही. वय, लस, डोस, तारीख, चारही ठरवावं लागतं. जगभर रूढ पद्धत म्हणजे सर्व्हेच्या दिवशी १२ ते २३ महिने पूर्ण असलेली मुलं घ्यायची, कारण त्यांचं पहिल्या वर्षाचं वेळापत्रक संपलेलं असतं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पूर्ण लसीकरण म्हणजे बीसीजी (क्षयरोगाची लस), पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) किंवा डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) तीन, पोलिओचे तीन (जन्माचा झीरो डोस सोडून) आणि गोवरचा एक. एवढंच. रोटा (जुलाबावरची), पीसीव्ही (न्यूमोनियावरची), आयपीव्ही (पोलिओची सुई) ह्या लसी त्या व्याख्येत नाहीत, त्यामुळे तुमच्या रिपोर्टमधलं "पूर्ण" आणि त्यांचं "पूर्ण" एकच आहे का ते आधी तपासा. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

पूर्ण लसीकरणाचा एकच आकडा देऊन थांबू नका, प्रत्येक लसीचा वेगळा द्या. पेंटा १ न मिळालेलं मूल म्हणजे झीरो डोस, त्याच्यापर्यंत यंत्रणा पोचलेलीच नाही. पेंटा १ मिळून पेंटा ३ न मिळालेलं म्हणजे आपण एकदा पोचलो आणि मग ते सुटलं. दोन्हीवरचे उपाय वेगळे आहेत. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या अंदाजानुसार २०२३ साली भारतात साधारण १६ लाख मुलं झीरो डोस होती.

अजून एक, नुसता डोस मिळाला आणि योग्य वेळी मिळाला ह्या दोन गोष्टी आहेत. पेंटाचा पहिला डोस ६ आठवडे म्हणजे ४२ दिवसांच्या आधी दिला तर तो धरता येत नाही, दोन डोसांत निदान २८ दिवस हवेत, गोवर-रुबेलाचा पहिला ९ महिने पूर्ण झाल्यावरच. दोन्ही टक्केवाऱ्या काढा. पहिलीत आणि दुसरीत मोठा फरक आला तर सेशनचं (लस देण्याच्या ठरलेल्या दिवसाचं) नियोजन कुठेतरी गडबडलंय असं समजा.

पायरी २: छेद तपासा, अंश नंतर

रिपोर्टमधली टक्केवारी म्हणजे लस दिलेली मुलं भागिले टार्गेट. सगळे जण वरच्या आकड्यावर नजर ठेवून असतात, पण खालचा आकडा कुठून आला हे विचारा. बहुतेक वेळा तो २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या वाढवून, त्याला जन्मदर लावून, त्यातून बालमृत्यू वजा करून आलेला असतो. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली, त्यामुळे पाया जुना तो जुनाच राहिला.

गणित करून बघा. लोकसंख्या १ लाख, जन्मदर हजारी १६ धरला तर वर्षाला १,६०० जन्म, हजारी २० बालमृत्यू वजा केले की १,५६८ मुलं. तुम्ही १,४८० मुलांना पेंटा ३ दिलं, म्हणजे ९४ टक्के. आता जन्मदर १४ धरा, १,४०० जन्म, वजा २८, उरली १,३७२, आणि तीच १,४८० मुलं आता १०८ टक्के झाली. एकही मूल बदललं नाही. म्हणून शंभरच्या वरचा आकडा दिसला की लगेच कुणी खोटं लिहिलंय असं म्हणू नका, बऱ्याचदा टार्गेटच कमी असतं. आणि हेही लक्षात ठेवा की ९४ दिसतंय म्हणून छेद बरोबर आहे असंही नाही, तो चुकीचा असून आकडा सभ्य दिसू शकतो, आणि तेच जास्त धोक्याचं कारण मग कुणी तपासायला जातच नाही.

मग खरा छेद कसा मिळवायचा? आशाताईंचा हेड काउंट सर्व्हे, अंगणवाडीची यादी, आरसीएच (माता-बाल आरोग्य) रजिस्टरमधल्या गरोदर मातांची नोंद, जन्मनोंदणी, चारही समोर ठेवा आणि एका गावापुरतं नावानिशी जुळवून बघा. चार याद्यांत चार वेगळे आकडे येतील. एका यादीत न सापडलेली पण दुसरीत असलेली नावं वेगळी काढा, तीच खरी कमाई आहे.

आपल्याकडे दोन गोष्टी छेद हमखास बिघडवतात. एक म्हणजे माहेरचं बाळंतपण. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, बाळ तिकडेच होतं, बीसीजी आणि झीरो पोलिओ तिकडे, कधी कधी पेंटाचे पण एक-दोन डोस तिकडेच, आणि मग ती सासरी येते. बाळाचं नाव दोन्ही गावांच्या यादीत असतं किंवा दोन्हीकडे नसतं. माहेरच्या सिस्टरने (लस देणाऱ्या उपकेंद्राच्या नर्सने) "सासरी गेली" म्हणून नाव खोडलेलं असतं आणि सासरच्या सिस्टरला ती आलीये हेच माहीत नसतं. दुसरी म्हणजे ऊसतोड. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रातल्या, काही कर्नाटकातल्या कारखान्यांवर असतात. मूल छेदात बीडच्या गावात, डोस मिळालाच तर तो कारखान्याच्या तळावर, म्हणजे अंश तिकडच्या तालुक्यात. एकाची टक्केवारी फुगते, दुसऱ्याची पडते, आणि ज्या मुलाला कुठेच डोस मिळाला नाही ते दोन्ही हिशोबात दिसत नाही. वीटभट्ट्या, रस्त्याची कामं, मेंढपाळ, पालं टाकून राहणारी कुटुंबं, ह्या सगळ्यांचं असंच आहे. मिशन इंद्रधनुष ह्या सरकारी लसीकरण मोहिमेत (डिसेंबर २०१४ ला सुरू झाली) अशा वस्त्यांवर वेगळं लक्ष दिलं ते ह्याच कारणानं.

पायरी ३: अंश परत मोजा

ह्याला फार साधनं लागत नाहीत. एका उपकेंद्रावर बसा, मागच्या तीन महिन्यांची टॅली शीट (सेशनला दिलेल्या डोसांच्या खुणांचा कागद), सिस्टरचं रजिस्टर आणि वर गेलेला मासिक रिपोर्ट घ्या. रजिस्टरमधले पेंटा ३ स्वतः मोजा आणि रिपोर्टच्या आकड्याशी ताडून बघा. रजिस्टरमध्ये ४० आणि रिपोर्टमध्ये ५० असतील तर रिपोर्ट केलेल्यांपैकी ८० टक्केच पुराव्यानिशी सापडले. असं पाच-सहा उपकेंद्रांवर केलं की कुठल्या टप्प्यावर आकडा फुगतो किंवा गळतो ते कळतं, उपकेंद्रातून पीएचसीला जाताना की पीएचसीतून तालुक्याला जाताना.

मग लसीचा साठा बघा. ज्या महिन्यात १२० मुलांना लस दिली असं लिहिलंय त्या महिन्यात तेवढे डोस उघडले तरी होते का? बीसीजी आणि एमआरच्या (गोवर-रुबेला) व्हायल म्हणजे बाटल्या पातळ केल्यावर चार तासांत टाकून द्याव्या लागतात, त्यामुळे वापरलेले डोस मुलांपेक्षा जास्तच असायला हवेत. मुलं जास्त आणि डोस कमी निघाले तर तो रिपोर्ट शक्यच नाही. ईविन ह्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर साठ्याची नोंद असते, एवढं ताडायला अर्धा तास पुरतो आणि मला वाटतं ही सगळ्यात कमी वापरली जाणारी तपासणी आहे.

वर्षभराच्या आकड्यात पेंटा ३ हे पेंटा १ पेक्षा जास्त दिसलं तरी थांबा, पहिला डोस न घेता तिसरा कुणी घेत नाही. एखाद्या महिन्यात असं होऊ शकतं, वर्षात नाही. शहरात खासगी दवाखान्यातले डोस बऱ्याचदा सरकारी रिपोर्टमध्ये येतच नाहीत, तिथे अंश खरा असतो त्याहून कमी दिसतो. यू-विन ह्या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नावानिशी नोंद होते त्यामुळे दुबार मोजणी हळूहळू कमी व्हायला हवी, पण जे मूल नोंदवलंच नाही ते यू-विनला पण दिसत नाही.

आणि कृपा करून सिस्टरवर आरोप करायला जाऊ नका. वरून "९५ का नाही" म्हणून दर मीटिंगला विचारणा होत असेल तर खाली आकडा ९५ होतो. हे फक्त आपल्याकडचं नाही. गावी (Gavi) ही लसींसाठी मदत करणारी जागतिक संस्था एके काळी देशांना रिपोर्टनुसार प्रत्येक जास्तीच्या मुलामागे २० डॉलर देत होती, २००८ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सर्व्हे लावून तपासलं तेव्हा देशांनी १ कोटी ३९ लाख जास्तीची मुलं सांगितली होती आणि सर्व्हेच्या हिशोबाने ती ७४ लाख निघाली. आकड्याला पैसा किंवा शिक्षा जोडली की आकडा बदलतो, म्हणून तपासायला जाल तेव्हा "चूक शोधायला आलोय" असं नका वागू, सिस्टरसोबत बसून मोजा, तिला स्वतःलाच कुठली मुलं सुटतात ते सगळ्यात जास्त माहीत असतं.

पायरी ४: सर्व्हेसाठी गावं आणि घरं निवडा

रिपोर्ट कितीही सुधारला तरी मधूनमधून घरोघरी जाऊन बघावंच लागतं. जुनी प्रसिद्ध पद्धत म्हणजे ३० गुणिले ७: तीस ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी ७ मुलं, एकूण २१०. ह्याची मुळं १९६० च्या दशकाच्या शेवटी पश्चिम आफ्रिकेत देवीच्या लसीकरणाची तपासणी झाली त्यात आहेत, नंतर डब्ल्यूएचओनं ती जगभर नेली. २१० च का? टक्केवारी ५० धरली, अधिक-उणे १० टक्के चालेल असं ठरवलं तर साध्या नमुन्याला ९६ मुलं पुरतात, पण एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात (सिस्टर एकच, रस्ता एकच) म्हणून दुप्पट करायची, १९२, आणि तीसने भाग जावा म्हणून २१०. अधिक-उणे ५ हवं असेल तर ७६८ च्या आसपास मुलं लागतात. म्हणजे अचूकता दुप्पट हवी तर काम चौपट. बजेट बनवतानाच हे साहेबांना सांगा, नंतर नाही.

ठिकाणं निवडताना मोठ्या गावाला जास्त संधी मिळाली पाहिजे. सगळ्या गावांची आणि वॉर्डांची लोकसंख्येसकट यादी करा, शेजारी बेरीज वाढवत न्या. समजा एकूण २,४०,००० आली, तीसने भागा, ८,०००. एक ते ८,००० मधला कुठलाही आकडा रँडम काढा, समजा ३,२१७, ज्या गावात बेरीज ३,२१७ ओलांडते ते पहिलं गाव, मग ११,२१७, मग १९,२१७, असं तीस वेळा. रस्ता खराब आहे, नदी आडवी आहे, म्हणून गाव बदलायचं नाही. जिथे आपली जीप जात नाही तिथे लसीची पेटी पण सहज जात नाही, ते गाव बदललं की तुमचा आकडा त्याच दिवशी वाढला.

आता घरं. जुन्या पद्धतीत गावाच्या मध्यावर उभं राहायचं, बाटली किंवा पेन फिरवायचं, ज्या दिशेला तोंड होईल त्या दिशेला जायचं, एक घर निवडायचं आणि तिथून शेजारी शेजारी जात सात मुलं पुरी करायची. सोपं आहे, पण आपल्या गावात मध्य म्हणजे चावडी नाहीतर मंदिर, म्हणजे गावठाण, आणि सात मुलं तिथल्या तिथेच पुरी होतात. वाड्या, वस्त्या, पाडे, मळ्यातली घरं, गावकुसाबाहेरची पालं राहून जातात. शिवाय कुलूप असलं की पुढच्या घरी, कारण सातचा कोटा कुठूनही भरता येतो. डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या मॅन्युअलनं म्हणूनच हे सोडून द्यायला सांगितलं.

त्याऐवजी हे करा. गावाचा हाताने नकाशा काढा, वाड्या-वस्त्यांसकट, काढताना पोलीस पाटील, आशाताई आणि गावातला एखादा दूधवाला सोबत घ्या, दूध गोळा करणाऱ्याला मळ्यातलं प्रत्येक घर माहीत असतं. मग गावाचे साधारण शंभर शंभर घरांचे तुकडे पाडा आणि एक तुकडा चिठ्ठीनं निवडा. शंभरच का, तर हजारी १६ जन्मदराला ७ मुलं मिळायला साधारण ४४० माणसं म्हणजे शंभरेक घरं लागतात. त्या तुकड्यातलं प्रत्येक घर, आणि त्यातलं योग्य वयाचं प्रत्येक मूल घ्यायचं. पाच मिळाली तर पाच, अकरा मिळाली तर अकरा. सात पुरी झाली म्हणून थांबायचं नाही आणि कमी पडली म्हणून बाजूच्या तुकड्यात जायचं नाही.

मुंबईसारख्या ठिकाणी एका दारामागे खाली एक कुटुंब, शिडीनं वर दुसरं, मागच्या खोलीत भाडेकरू तिसरं, त्यामुळे दार मोजू नका, चुली मोजा. आणि कुलूपबंद घर सोडू नका, निदान दोनदा परत जा, त्यातली एक खेप संध्याकाळी किंवा रविवारी. दुपारी घरी सापडतात ती कुटुंबं आणि दिवसभर रोजंदारीला जाणारी कुटुंबं, दोघांच्या मुलांचं लसीकरण सारखं नसतं.

पायरी ५: घरात गेल्यावर

सगळ्यात मोठं कौशल्य इथे आहे आणि ट्रेनिंगमध्ये ह्यालाच सगळ्यात कमी वेळ मिळतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी ओळख करून द्या, कशासाठी आलोय ते सांगा, संमती घ्या. लगेच लसीचं विचारू नका. घरात कोण कोण राहतं ते विचारा, मग "दोन-अडीच वर्षांच्या आतलं कुणी?" असं. पाहुणी आलेली मुलगी आणि तिचं बाळ धरायचं का नाही हे तुमच्या नियमात आधीच लिहिलेलं हवं, टीमनं दारात उभं राहून ठरवायचं नाही. जन्मतारीख नक्की नसेल तर सण विचारा: पोळ्याच्या आधी की नंतर, दिवाळीला बाळ केवढं होतं, बसत होतं का. पाड्यावर गेलात तर तिथले सण, तिथला बाजार, पहिला पाऊस. असं स्थानिक कॅलेंडर टीमला छापून द्या. एका महिन्याच्या चुकीनं मूल वयोगटातून बाहेर जातं.

मग कार्ड. "कार्ड आहे का" असं विचारलं की "नाही" ऐकू येतं आणि टीम खूश होऊन पुढे सरकते. "कार्ड बघू का" म्हणा आणि थांबा. पत्र्याच्या पेटीत, आधार-रेशन कार्डाच्या पिशवीत, सासूच्या कपाटात, शोधायला दहा मिनिटं लागतात. माहेरी असेल तर फोन लावून फोटो मागवता येतो. कधी आशाताईकडे किंवा अंगणवाडीत जमा असतं. तरी नाही मिळालं तर आईच्या परवानगीनं उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये नाव शोधा.

कार्डावरून बरोबरची खूण उतरवायची नाही, तारीख उतरवायची. पुढच्या डोसची तारीख पेन्सिलीनं लिहिलेली असते ती दिलेल्या डोसची समजू नका, हा गोंधळ फार होतो. तारीख अशक्य दिसली, समजा ३० फेब्रुवारी, तरी जशी आहे तशीच लिहा, दुरुस्ती नंतर ऑफिसमध्ये. परवानगी घेऊन कार्डाचा फोटो काढा, तपासायला तोच उपयोगी. खासगी डॉक्टरची फाइल असेल तर हेक्साव्हॅलंट (सहा आजारांवरची एकत्र लस) म्हणजे पेंटाचा डोस मिळाला, एमएमआर म्हणजे गोवरचा मिळाला, हे टीमला आधी शिकवा नाहीतर शहरातली कित्येक मुलं विनाकारण अर्धवट ठरतील.

कार्ड नाहीच मिळालं तर आईच्या आठवणीवर. "सगळ्या लसी दिल्यात ना?" असा प्रश्न विचारायचाच नाही, त्याला उत्तर एकच येतं. एकेक लस जागेवरून विचारा. जन्मल्यावर डाव्या दंडावर सुई दिली का, तिथे व्रण आलाय का (बीसीजीचा व्रण स्वतः बघा, पण काही मुलांना लस मिळूनही व्रण येत नाही). दीड महिन्यानंतर डाव्या मांडीत सुई, जिच्यानं ताप येतो, ती किती वेळा. नऊ महिन्यांनंतर उजव्या दंडावर सुई आणि त्याच दिवशी चमच्यानं गोड औषध म्हणजे व्हिटॅमिन ए. तोंडातले थेंब विचारताना पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर किंवा घरी येऊन पाजलेले वेगळे आणि सेशनला सुईबरोबर पाजलेले वेगळे, दोन्ही मिसळले की पोलिओ ३ खोटंच वर जातं. आजी किंवा वडील उत्तर देत असतील तर आई कधी भेटेल ते विचारा. आशाताई सोबत असेल तर घर दाखवून तिला थोडं लांब थांबायला सांगा, तिच्यासमोर कुठलीच आई "नाही दिली" म्हणत नाही.

कार्डवरचं किती आणि आठवणीवरचं किती, दोन्ही वेगळं नोंदवा. फक्त कार्डवाली मुलं धरून टक्केवारी काढणं चुकीचं, कारण ज्यांनी कार्ड जपलं त्यांनी लसीही जास्त घेतलेल्या असतात. आठवण दोन्ही बाजूंनी चुकते, चार-पाच सुयांमधली एखादी विसरली जाते आणि न दिलेली पण दिली म्हटली जाते, त्यामुळे कार्ड सापडण्याचं प्रमाण जितकं जास्त तितका तुमच्या सर्व्हेवर विश्वास ठेवता येईल. प्रमाण कमी असेल तर रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा.

पायरी ६: हिशोब

रोज संध्याकाळी फॉर्म तपासा, गावात असतानाच. जन्माच्या आधीचा डोस, पेंटा २ च्या आधीचं पेंटा ३, कोरी तारीख, परत जाता येईल तोवरच सुधारता येतं.

तुकड्यांत मुलं कमी-जास्त आली असतील तर वजन (हिशोबात कुणाला किती महत्त्व द्यायचं ते) लावावं लागतं आणि समूहांचा परिणाम (एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात तो) धरून आकडा किती मागेपुढे असू शकतो ते काढावं लागतं. एक्सेलमध्ये नुसती सरासरी काढून भागत नाही, आर किंवा स्टाटा ह्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हेच्या कमांड आहेत, डब्ल्यूएचओच्या कामासाठी बनवलेलं व्हीसीक्यूआय नावाचं साधन पण आहे. जमत नसेल तर मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) विभागात कुणाला तरी गाठा, पण हे गावं निवडायच्या आधी, डेटा आल्यावर नाही.

२१० मुलांत ८२ टक्के आलं तर समूहांचा परिणाम दुप्पट धरून खरा आकडा साधारण ७५ ते ८९ च्या मधे कुठेतरी आहे, असंच लिहा. मागच्या वर्षी ७९ होतं म्हणून ३ टक्के सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. आणि २१० मुलांच्या सर्व्हेवरून कुठली पीएचसी चांगली, कुठली वाईट हे तर अजिबात सांगता येत नाही, सात मुलांवर कुणाची टक्केवारी काढू नका, मीटिंगमध्ये कुणी मागितली तरी. पीएचसीनिहाय चांगलं-कमी एवढंच ठरवायचं असेल तर लॉट क्वालिटी पद्धत आहे: प्रत्येक भागात १९ मुलं रँडम, आणि ८० टक्क्यांचं लक्ष्य असेल तर १३ किंवा जास्त मुलांना लस मिळालेली असावी. त्यातून पास-नापास कळतं, टक्केवारी नाही.

गळती काढायला विसरू नका. पेंटा १ चे ९४ आणि पेंटा ३ चे ८६ असतील तर ८ भागिले ९४, साडेआठ टक्के. दहाच्या वर गेली तर आई एकदा येऊन परत का आली नाही ते शोधायचं: ताप आला म्हणून घाबरली, सेशनच्या दिवशी मजुरी बुडते, सिस्टर रजेवर होती, की पुढची तारीख कुणी सांगितलीच नाही. म्हणून फॉर्ममध्ये न घेण्याचं कारण विचारणारा प्रश्न ठेवा आणि उत्तर आईच्या शब्दांत लिहा.

रक्त तपासून बघावं का असं कुणीतरी विचारतंच. गोवरच्या अँटिबॉडी लसीनं पण येतात आणि आजारानं पण, त्यामुळे त्यावरून लसीकरण मोजता येत नाही. धनुर्वाताचं उलट आहे, ती प्रतिकारशक्ती लसीनंच येते, पण खर्च आणि लॅबची सोय बघता नवीन माणसानं त्यात पडू नये.

पायरी ७: रिपोर्ट देताना

सर्व्हेचा आकडा आणि मासिक रिपोर्टचा आकडा एकाच तक्त्यात शेजारी शेजारी ठेवा, लसनिहाय, आणि फरक कुठून आला असावा ते पायरी २ आणि ३ मधून जे सापडलं त्याच्या आधारे लिहा. किती घरं बंद मिळाली, किती जणांनी नकार दिला, कुठला तुकडा झालाच नाही, हे सगळं आकड्यासकट द्या. बंद घरांमधल्या सगळ्या मुलांना लस मिळालेली नाही असं धरलं तर टक्केवारी किती खाली येते ते एकदा काढून बघा, तो आकडा पण तक्त्याखाली टाका.

सर्व्हेत जी मुलं बिनलसीची सापडतात त्यांच्या आयांना पुढचं सेशन कुठे आणि कधी आहे ते तिथेच, दारातच सांगा, त्यासाठी रिपोर्टची वाट बघायची नाही. त्यांची नावं आईच्या परवानगीशिवाय कुणाला देऊ नका, परवानगी मिळाली तर त्याच आठवड्यात सिस्टरच्या ड्यू लिस्टमध्ये (डोस बाकी असलेल्या मुलांच्या यादीत) चढवा. मात्र ही नावं सर्व्हे चालू असताना त्या तुकड्यातलं काम पूर्ण होईपर्यंत द्यायची नाहीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी धावपळ करून डोस दिले जातात आणि परत जाऊन राहिलेली घरं केली की तुमचा आकडा बदललेला असतो. एका तुकड्याचं काम दोन-तीन दिवसांत संपतं, तेवढा फरक मुलाला पडत नाही. आणि नकाशा काढताना जी वस्ती मायक्रोप्लॅनमध्ये (सेशन कुठे-कधी लावायचं त्या आराखड्यात) कुठेच नव्हती ती सापडली असेल तर तिचं नाव, घरांची संख्या आणि मुकादमाशी किंवा वस्तीतल्या माणसाशी संपर्क कसा होईल ते वेगळ्या कागदावर लिहून टीएचओंना (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना) हातात द्या, पुढच्या महिन्याचं सेशन तिथे लावायला तेवढं पुरतं.